मागाखाली वाढलेलं कुत्रं

आमच्या आप्पांच्या कुत्र्यानं आयुष्यात स्वतःहून कुणाशी भांडण काढलं नाही, आणि बेळगुंदीला आल्यापासून मारामारीवाचून त्याचा एक आठवडा गेला नाही. ते कुणावर भुंकायचं नाही, कुणाच्या भाकरीला तोंड लावायचं नाही. दिसेल त्या कुत्र्याकडे शेपूट हलवत, जुना सोबती भेटल्यागत थेट चालत जायचं. समोरचं कुत्रं आधी ताठ व्हायचं, मग त्याच्यावर तुटून पडायचं. दर वेळी हेच. मला आधी त्या दुसऱ्या कुत्र्यांचा राग यायचा, मग ह्याचा, आणि शेवटी, कुणावर तरी काढायचा म्हणून, आप्पांचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. माझं माहेर बेळगाव शहरातल्या वडगावचं. घराला लागून शेड आणि शेडमध्ये चार यंत्रमाग. सासर बेळगुंदीचं, शेतकऱ्याचं. लाल माती, भात, रताळी, दोन म्हशी. मी बेळगावातल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. सकाळी हिंडलग्यावरून स्कूटरनं जायचं, संध्याकाळी त्याच वाटेनं परत यायचं. आई दोन वर्षांमागं गेली. पुढच्याच वर्षी माग बंद पडले आणि विकले गेले, आणि आप्पा त्या रिकाम्या शेडशेजारी एकटे राहू लागले. सोबतीला हे पांढरं कुत्रं.

मग एक दिवस कुकर जळला. आतलं पाणी आटलं, डाळीचा कोळसा झाला, व्हॉल्व्ह उडाला आणि घरभर धूर झाला. आप्पा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. शेजारीण भिंतीवरून ओरडली, मग तिनं दार बडवलं, शेवटी खिडकीतून काठी घालून त्यांच्या खांद्याला टोचलं तेव्हा ते उठले. मी शाळेतून तशीच वडगावला गेले. भिंत काळी झालेली, आणि आप्पा शांतपणे चुलीमागची फरशी पुसत होते. कुत्रं शेजारी बसून बघत होतं.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांना विचारायला फोन लावला तो तिथूनच, आप्पांच्या समोर बसून. लेकीच्या घरी बापानं कायमचं राहायला येणं आमच्याकडे अजून सोपं नाही. देणारा अवघडतो, घेणाराही अवघडतो.

"आत्या, त्यांचा कुणाला तरास व्हनार न्हाय. गप असत्यात. जरा ऐकायला कमी येतंय, तेवढंच."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग "बघू, आणा," असं आलं. आणि मग "कुत्रं पण हाय एक," हे सांगायला मला त्याहून जास्त वेळ लागला. आप्पा तेवढा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. फोन ठेवला तसं म्हणाले, "कुत्रं येत असंल तर मी येतो. न्हायतर हितंच बरा हाय."

आता कुत्रं कसं वाढलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेडमध्ये चार माग एकदम चालू झाले की माणसाचा आवाज म्हणजे फुकट घालवलेला दम. म्हणून आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारतच नव्हतं. काही सांगायचं तर उठून जायचं, खांद्याला हात लावायचा, तोंडासमोर तोंड न्यायचं आणि ओठ मोठे करून बोलायचं. लांबून सांगायचं तर हातानं. मूठ तोंडाशी नेली की चहा. दोन बोटं एकमेकांपासून ओढली की धागा तुटला. उघडा पंजा उंच धरून सावकाश खाली आणला की माग बंद, जेवायची वेळ. पाठमोऱ्या माणसाला बोलवायचं तर त्याच्याजवळ कोब्यावर जोरात पाय आपटायचा, त्याच्या तळव्याला ते कळतं आणि तो मागे बघतो. मी बोलायला शिकले त्याच्या आधी पाय आपटायला शिकले, असं आई सांगायची.

बाहेरच्या माणसाला मात्र वाटतं की ही मंडळी अंगावर येतात. लग्न होऊन मी बेळगुंदीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आत्यांनी सांगितलं होतं, "लांबनं बोल की गं. तोंडाला तोंड कशाला लावतीस?" मी लांबून बोलायला शिकले. फार मनापासून नाही, पण शिकले.

ते पिल्लू कुणीतरी शेडच्या दारात सोडून गेलं तेव्हा त्याचे डोळे नुकते उघडले होते. आईनं त्याला मागाखाली, सुताच्या जुन्या पोत्यावर ठेवलं. तिथंच ते वाढलं. पाय आपटला की उठायचं, पंजा खाली आला की भिंतीला लागून बसायचं, कारण पंजा खाली आला की भाकरी येते. त्याला नाव ठेवलं नाही. ठेवून काय करणार, हाक कोण मारणार होतं? वडगावच्या गल्लीतली कुत्री त्याला लहानपणापासून बघत आलेली, त्यामुळे तिथं कधी काही झालं नाही. आम्ही सगळे म्हणायचो, किती शहाणं कुत्रं आहे, पायाच्या आवाजावर उठतं.

बेळगुंदीला पहिल्याच संध्याकाळी त्या शहाणपणाचा निकाल लागला. आमच्या घरची काळी कुत्री अंगणात बसलेली, शेजाऱ्यांची दोन तांबडी कुत्री कुंपणाजवळ. आमचं पांढरं टेम्पोतून उतरलं आणि शेपूट हलवत थेट त्या दोघांकडे निघालं. ती गुरगुरली. हे चालत राहिलं. ती दात दाखवून गुरगुरली. हे चालतच राहिलं आणि एकाच्या नाकाला जाऊन नाक लावलं. पुढच्या क्षणी धुळीत तीन कुत्र्यांचा एक गोळा झाला. माझ्या नवऱ्यानं बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठं ती सुटली.

"लई मस्ती हाय की रं ह्याला," शेजारचे काका म्हणाले. आत्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं न बोलणं मला चांगलं कळतं.

मग ज्याचं त्याचं कारण सुरू झालं. काका म्हणाले, पांढऱ्या रंगावर कुत्री जातात. नवरा म्हणाला, शहराचा वास येतोय अंगाला, दोन पाऊस अंगावर पडले की जाईल. आत्यांच्या मते त्याची नजरच वाईट होती, डोळ्याला डोळा लावून बघतं. मी फोनवर कुत्र्यांबद्दल वाचलं, आणि शाळेतून आले की स्कूटर लावून फाटकाजवळ उभी राहून कुत्री बघायला लागले. बघितल्यावर कळलं की गावच्या कुत्र्यांना रीतभात असते. एक दुसऱ्याकडे सरळ जात नाही, वळसा घालून जातं. तोंड दुसरीकडे करतं, जमीन हुंगतं, मागून वास घेऊ देतं, मग ठरवतं. आमचं सरळ तोंडावर जायचं. ओळख ना पाळख, एकदम गळ्यात पडायचं.

मला वाटलं, सापडलं! हे कुत्रं आमच्यासारखं मागावरचं आहे. त्याला बिचाऱ्याला लांबून बोलायला कुणी शिकवलंच नाही. मी मोठ्या तोऱ्यात नवऱ्याला हे सांगितलं.

"म्हंजे तुझ्यावाणी," तो म्हणाला. "फरक एवढाच की तुला आमी चावलो न्हाय."

माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यात एक गोष्ट बसत नव्हती आणि मी ती बघून न बघितल्यासारखी केली. दर वेळी दुसरं कुत्रं आधी गुरगुरायचं. एकदा नाही, दोनदा, तीनदा. कितीही लाडावलेलं कुत्रं असलं तरी ते ऐकून थबकतं, निदान शेपूट तरी खाली घालतं. आमच्याचं शेपूट तसंच हलत राहायचं, आणि त्यामुळे समोरचं आणखी पिसाळायचं. आणि वडगावला पायाच्या आवाजावर उठणारं हे शहाणं कुत्रं इथं आप्पांनी पाय आपटून आपटून बोलावलं तरी मागे बघायचं नाही. "हवा लागली गावाची," असं मीच म्हणायचे.

घरातही सगळं सुरळीत नव्हतं. आप्पा सकाळी उठून अंगण झाडायचे, म्हशींना पाणी दाखवायचे, सांगण्याआधी सरपण फोडून ठेवायचे. पण आत्या मला रात्रीची भांडी घासताना हळूच सांगायच्या, "मी इचारती आमटी वाढू का, तर ह्ये भितीकडं बघत्यात. च्या ग्वाड झाला का इचारलं तर नुसतं हासत्यात. आमच्या घरचं पटत न्हाय वाटतं तुज्या आप्पास्नी." मी म्हणायचे, ऐकायला जरा कमी येतं. "जरा कमी मलाबी येतंय," आत्या म्हणायच्या. "मी उत्तर देती की."

तिसऱ्या महिन्यात तांबड्या कुत्र्यानं आमच्या पांढऱ्याचा खांदा फाडला. आप्पा मध्ये पडले आणि दात त्यांच्या उजव्या हातात घुसले. सरकारी दवाखान्यात नेलं, हाताला पट्टी, इंजेक्शनांच्या तारखा. त्याच आठवड्यात घरची काळी कुत्री व्याली. घरामागं शेत आहे, शेतात एक गवती खोप, त्या खोपीत तिनं पाच पिल्लं घातली. व्यालेली कुत्री म्हणजे आपल्यालाही जपून जावं लागतं. आमचं पांढरं मात्र लांबून खोपीकडे बघून शेपूट हलवायला लागलं.

त्या रात्री जेवताना आत्या म्हणाल्या, "एकाचा हात फुटला. उद्या कुनाच्या लेकराला चावलं म्हंजे? सोमवारी ह्ये कुत्रं हितं दिसाय नगं." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. आप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आप्पांनी घास खाल्ला, मग ते पाणी प्यायले, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग मी बी जातो. वडगावचं कुलूप उघडाय दोन मिनिटं लागत्यात."

मी भांडले. आत्यांशी भांडले, मग आप्पांशी भांडले, नवरा मध्ये बोलला म्हणून त्याच्याशीही भांडले. पण भांडताना सगळा वेळ मला त्या खोलीची काळी भिंत दिसत होती. शेजारीण त्या दिवशी घरात होती म्हणून. पुढच्या वेळी ती बाजारात गेलेली असेल तर? कुत्रं गेलं तर आप्पा जाणार, आणि आप्पा गेले तर मी रोज शाळेत फोन हातात धरून बसणार, जो फोन ते उचलणार नाहीत.

रविवारी रताळी काढायची होती. सकाळपासून सगळे शेतात. नवरा लांब रस्त्याकडेला पोती भरत होता. मी सरीत बसून रताळी गोळा करत होते. आत्या खोपीच्या बाजूला वेल कापत होत्या. आप्पा बांधावर बसले होते, कुत्र्याची दोरी धरून. उजव्या हाताला पट्टी, म्हणून दोरी डाव्या हातात. त्यांना म्हटलं होतं घरीच थांबा, पण सोमवारच्या आधी तेवढाच एक दिवस होता, आणि त्यांना कुत्र्याला घरात कोंडून ठेवायचं नव्हतं.

दोरी कधी सुटली ते मी बघितलं नाही. मान वर केली तेव्हा कुत्रं शेताच्या मधोमध होतं आणि खोपीकडे निघालं होतं. पळत नव्हतं. नेहमीसारखं, शेपूट हलवत, मजेत.

काळी खोपीतून बाहेर आली. चार पायांवर ताठ उभी राहिली. तिचं गुरगुरणं मला पन्नास पावलांवर ऐकू आलं, जमिनीतून आल्यासारखं, न थांबणारं.

"अगं धर की त्याला!" आत्या ओरडल्या.

मी उठून "ए! ए!" म्हणून ओरडले. दुसरं काय ओरडणार, त्याला नाव कुठं होतं? पळाले तर नांगरलेल्या, खणलेल्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. बांधावरून आप्पा खाली उतरले होते आणि पाय आपटत होते. दोन्ही पाय. त्या भुसभुशीत मातीत नुसती फस्स फस्स होत होती आणि धूळ उडत होती. म्हातारा माणूस वेडा झाल्यासारखा जागच्या जागी पाय आपटत होता, आणि कुत्रं मागे बघत नव्हतं. आत्या हातातला विळा घट्ट धरून मागे मागे सरकत होत्या. त्या खोपीच्या अगदी जवळ होत्या. काळी तुटून पडली असती तर मध्ये कोण आलं असतं, हे मला तेव्हाच दिसलं.

काळीचा आवाज आणखी चढला. बांधापलीकडच्या म्हशीनं मान उचलली. झाडावरचे दोन बगळे उडाले. आणि मी पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, आमच्या कुत्र्याच्या शेपटाकडे न बघता कानांकडे बघितलं. ते हललेच नाहीत. म्हशीचे हलले, काळीचे डोक्याला चिकटले होते, आणि ह्याचे कान लोंबत होते, जसं काही आजूबाजूला कुणी नाहीच.

त्याला ऐकू येत नव्हतं. कधीच आलेलं नव्हतं. आणि आम्ही, ज्यांनी कधी हाक मारली नाही, ज्यांनी कोब्यावर पाय आपटून त्याला बोलावलं, त्या आम्हाला पाच-सहा वर्षांत हे कळलं नव्हतं.

हातात रताळं होतं ते मी फेकलं. माझा नेम कधी लागत नाही, त्या दिवशी लागला. रताळं त्याच्या नाकापुढं दोन हातांवर पडलं. ते थांबलं. रताळ्याकडे बघितलं, हुंगलं, आणि हे कुणी टाकलं म्हणून मागे वळलं. मी हात उंच केला. उघडा पंजा. सावकाश खाली आणला. माग बंद.

ते बसलं. तिथंच, काळीपासून चार पावलांवर, तिच्याकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून, भाकरीची वाट बघत.

काळी पुढे आली. मी हात तसाच अर्ध्यावर धरून ठेवला. खाली केला आणि ते उठून तिच्याकडे वळलं तर? काळी त्याच्या मागे आली, गुरगुरतच. तिनं त्याची शेपटी हुंगली, पाठ हुंगली, फाटलेला खांदा हुंगला. त्याला काहीच माहीत नव्हतं. ते माझ्या पंजाकडे बघत बसलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते कुत्र्यांच्या रीतीनं वागत होतं, तोंड फिरवून, बसून, मागून वास घेऊ देऊन, आणि तेही भाकरीसाठी. काळीचा आवाज हळूहळू बारीक झाला. मग ती वळली आणि खोपीत गेली.

आप्पांनी येऊन दोरी उचलली. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत मातीनं लाल झाले होते. तेव्हा कुठं मी हात खाली केला.

आत्या विळा घेऊन तशाच उभ्या होत्या. "हातानं काय केलंस गं त्ये?"

"जेवायची येळ झाली म्हणून सांगितलं," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

सोमवारी मी रजा टाकली. शेजाऱ्यांच्या टमटममधून आप्पांना आणि कुत्र्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण होते, घाई नसलेले. त्यांनी कुत्र्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायला सांगितलं, स्वतः मागे गेले, आणि स्टीलचा ट्रे फरशीपासून वर, टेबलावर घातलेल्या जाड गोधडीवर उभा धरून पळीनं जोरात वाजवला. फरशी हादरू नये म्हणून गोधडी, हे मला नंतर कळलं. मी दचकले. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली. कुत्रं भिंतीवरची माशी बघत होतं.

बाकावर आप्पा बसले होते, आमच्याकडे पाठ करून, भिंतीवरचं गाईचं चित्र बघत. तेही हलले नाहीत. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा ट्रे वाजवला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आणि ह्या वेळी ते कुत्र्याकडे बघत नव्हते. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

बोलले ते मात्र कुत्र्याबद्दलच. "पांढऱ्यांत काही जन्मतःच असतात असे. मागाच्या आवाजानंही होतं. आता कुणी सांगू शकणार नाही. बघा, कुत्रं गुरगुरतं ते आधी समजावून सांगायला. बाबा, लांब राहा. ह्याला ते ऐकूच येत नाही, हे चालतच राहतं. समोरच्याला वाटतं, एवढं सांगूनसुद्धा येतोय म्हणजे हा भांडायलाच आलाय." त्यांनी हाताच्या खुणा वाढवायला सांगितल्या, दोरी लांब ठेवायला सांगितली, आणि नव्या कुत्र्याला आधी मागून वास घेऊ द्यायला.

परतताना आम्ही दोघं टमटमच्या मागच्या हौद्यात बसलो, कुत्रं आमच्या पायांत. त्या गाडीचं इंजिन म्हणजे चार माग एकदम. बोलायची सोयच नाही, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. आम्हाला ती माहेरची जागा. मी आप्पांच्या गुडघ्याला हात लावला, तोंडासमोर तोंड नेलं आणि ओठ मोठे करून सांगितलं, ह्याला ऐकू येत नाही.

आप्पा माझ्या कानाशी आले. "मला ठावं हाय गं."

"कधीपास्नं?"

"माग बंद पडल्यावर. दिवाळीत दारात पोरांनी माळ लावली, ह्ये उंबऱ्यावर निजलेलं. कूस बी बदलली न्हाय."

"मग सांगितलं का न्हाय? तीन म्हैनं फाडून घेतलं त्यानं!"

त्यांनी कुत्र्याच्या फाटलेल्या खांद्यावरून हात फिरवला. मग परत कानाशी आले. "माळ मलाबी ऐकू आली न्हाय. पोरांनी कानावर हात ठेवलेलं दिसलं, तवा कळलं की वाजूलागलीया."

खड्डा आला तशी आप्पांनी हौद्याची कड धरली, आणि पुढं बोलले.

"एक भैरा घरात घ्यायचा म्हणून फोनवर तुझं तोंड कसं झालतं, मी बघितलं की. जरा कमी येतंय म्हणालीस. मी तुझ्या ओठावर वाचलं त्ये. आन् दोन भैरी म्हणून सांगितलं असतं तर?"

मला लाज वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं, राग मला जमतो. खरं उत्तर मला माहीत होतं. दोन भैरी म्हटलं असतं तर मी आत्यांना फोन दुसऱ्या दिवशी केला असता. कदाचित त्याच्याही दुसऱ्या दिवशी. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"कुत्र्याचं सांग घरात," ते म्हणाले. "माझं नगं सांगूस. उगच घोर लागतोय बायमाणसास्नी."

घरी पोचलो तेव्हा आत्या अंगणात रताळी निवडत बसल्या होत्या. कुत्र्याकडे बघून म्हणाल्या, "काय म्हनला डाक्टर?" मी सांगितलं. बहिरं आहे म्हणून सांगितलं, गुरगुरण्याचं सांगितलं. आप्पा तोवर हौदाकडे जाऊन, आमच्याकडे पाठ करून पाय धुवायला लागले होते.

आत्यांचा हात रताळ्यावर थांबला. "म्हंजे ती कुत्री सांगूलागलीती की येऊ नगं, आन् ह्याला ठावंच न्हाय." मग त्या बराच वेळ आप्पांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मी काही बोलले नाही, शप्पथ. पण आत्यांना कुणी काही सांगावं लागत नाही.

"इवाई," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "च्या टाकू का?"

आप्पा तांब्यानं पायावर पाणी ओतत होते. ओतत राहिले.

आत्यांनी रताळं खाली ठेवलं, हात पदराला पुसले, उठल्या. हौदाला वळसा घालून गेल्या आणि आप्पांच्या समोर उभ्या राहिल्या. मला लांबून बोल म्हणणाऱ्या आत्या त्यांच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. त्यांनी मूठ तोंडाशी नेली. मी आप्पांना करायचे ते बघून बघून ही खूण कधी उचलली होती कुणास ठाऊक.

आप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी सांगितलं नाही. मग त्यांनी आत्यांकडे बघितलं आणि ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना सरळ उत्तर दिलं. "व्हय, टाका. साखर जरा कमी."

तोवर ते पुन्हा तांब्यासाठी वाकले होते. "तीन म्हैनं ग्वाड प्यालासा, तवा सांगायचं न्हाय व्हय?" असं आत्या म्हणाल्या ते त्यांना कळलं नाही. आत्या तिथंच उभ्या राहिल्या. आप्पांनी मान वर करेपर्यंत थांबल्या, आणि मग तेच परत म्हणाल्या.